लगाम उतरवून पाहा : अश्वस्पर्धांच्या संयोजकांना आणि पशुसंवर्धन विभागाला खुले पत्र

प्रति,
राज्यातील यात्रा व घोडेबाजारांत अश्वस्पर्धा भरवणाऱ्या सर्व संयोजन समित्या, तसेच
पशुसंवर्धन विभाग, महाराष्ट्र राज्य

विषय : अश्वनृत्य, चाल आणि सौंदर्य स्पर्धांत होणारा घोड्यांचा छळ थांबवण्याबाबत

सन्माननीय पदाधिकारी आणि अधिकारी महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी तापीकाठचा शेतकरी आहे आणि आमच्या घरात घोडे पाळण्याची ही तिसरी पिढी आहे. आजोबांकडे काठेवाडी घोडी होती, वडिलांनी सारंगखेड्याच्या बाजारातून पहिली मारवाडी घोडी आणली, आणि आज माझ्या ठाणावर तीन घोड्या व एक शिंगरू आहे. एकमुखी दत्ताच्या यात्रेत नदीकाठी उतरलेले घोडे, राजस्थान-गुजरातपासून पंजाबपर्यंतचे व्यापारी, पहाटे थंडीत चाललेला खरारा आणि चंदीच्या तोबऱ्यांचा वास हे माझ्या लहानपणाचे सर्वांत मोठे सुख होते. पुढे लोकांनी माझ्या नजरेवर विश्वास ठेवला आणि नऊ वर्षे मी निरनिराळ्या यात्रांतील अश्वस्पर्धांचा परीक्षक म्हणून काम केले. हे सांगण्याचे कारण एवढेच की हे पत्र घोड्यांपासून दूर राहणाऱ्या माणसाचे नाही. ज्या खुर्चीत बसून गुण दिले जातात, त्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे ते आहे.

यंदा एका समितीकडून मला पुन्हा परीक्षक होण्याचे निमंत्रण आले. त्यासोबतच्या पत्रकात दोन गोष्टी नव्या होत्या. दोन पायांवर सर्वाधिक वेळ उभ्या राहणाऱ्या घोड्यासाठी स्वतंत्र स्पर्धा ठेवण्यात आली होती आणि नृत्यस्पर्धेचे पहिले बक्षीस दुप्पट केले होते. मी समितीला लेखी कळवले की दोन पायांची स्पर्धा रद्द करावी, मैदानात येण्यापूर्वी प्रत्येक घोड्याचा लगाम उतरवून तपासावा आणि पाच वर्षांखालच्या जनावरांना नृत्यात घेऊ नये. चार दिवसांनी दूरध्वनीवर उत्तर आले की लगाम उतरवून पाहत बसलो तर कार्यक्रम रात्री बारापर्यंत संपणार नाही, आणि लोक येतात ते दोन पायांवरचा घोडा पाहायलाच. ते सद्गृहस्थ माझ्याशी अतिशय आदराने बोलले. त्यांच्या मनात क्रूरता नव्हती, याची मला खात्री आहे. म्हणूनच हे उत्तर मला गप्प राहून स्वीकारता येत नाही, कारण ते एकाच समितीचे उत्तर नाही. शब्द थोडे निराळे असतील, पण हेच उत्तर मी जवळजवळ प्रत्येक मैदानावर ऐकले आहे.

आता माझ्या हातून घडलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका यात्रेत एक कुमैत, म्हणजे गडद तांबूस रंगाची, घोडी नाचत होती. यात्रेचे नाव सांगण्याची गरज नाही. घोडीची मान उंच ताठ होती, डोळे विस्फारलेले होते, तोंडातून फेसाच्या तारा उडत होत्या, आणि हलगीच्या प्रत्येक ठेक्याला तिचे पाय जमिनीला टेकतात न टेकतात तोच वर उचलले जात होते. प्रेक्षक उभे राहिले. मी तिला ‘तेज’ या रकान्यात 10 पैकी 9 गुण दिले आणि ती पहिली आली. संध्याकाळी मी सहज तंबूंच्या मागे गेलो, तेव्हा तिची निगा राखणारा मोतद्दार, सोळा-सतरा वर्षांचा पोर, बादलीत तिचे कडियाळे, म्हणजे लगामाचा तोंडात बसणारा धातूचा भाग, धूत होता आणि पाणी लाल झाले होते. घोडीपुढे पाणी ठेवलेले होते, ती त्यात तोंड घालत होती आणि मागे घेत होती. मी तिची जीभ बाजूला घेऊन पाहिली. जिभेच्या कडेला आडवी चीर होती, आणि खालच्या जबड्यावर दोन्ही बाजूंनी जुन्या जखमांवर नव्या जखमा होत्या. मी ज्याला तेज समजून 9 गुण दिले, ते तिचे दुखणे होते. त्या पोराने मला काहीच विचारले नाही. मीही त्याला काही बोललो नाही, आणि त्या न बोलण्याची लाज मला आजही वाटते.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशा जखमा करणाऱ्या काटेरी लगामाबद्दल आहे. घोड्याच्या खालच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते आणि कडियाळे नेमके तिथे बसते. तिथे हाडावर मांस नाही, चरबी नाही, फक्त पातळ कातडी आहे. साध्या, मधे सांधा असलेल्या गुळगुळीत कडियाळ्यालाही म्हणूनच हलका हात लागतो, आणि जुने स्वार शिकवताना हातात लगामाऐवजी सुताचा दोरा आहे असे समजायला सांगत. काटेरी कडियाळ्याला आतल्या बाजूने खिळे किंवा दाते असतात. लगाम सैल असताना ते टेकलेले राहतात आणि ओढला की ओठांत, जिभेत व हिरडीत रुततात. घोडा त्यापासून सुटण्यासाठी मान वर फेकतो, पाठ खाली दाबतो, तोंड उघडतो. स्वार त्याच वेळी टाचेने त्याला पुढे रेटतो. पुढे जावे तर तोंडात खिळे, थांबावे तर बरगडीत टाच, अशा कोंडीत सापडलेल्या जनावराची ताकद एकाच दिशेला जाऊ शकते, ती म्हणजे वर. पाय वर उचलले जातात, आणि आपण टाळ्या वाजवतो. तोंड उघडून घोडा निदान आपली तक्रार दाखवतो, तर तेही दिसू नये म्हणून नाकाभोवती पट्टा करकचून आवळण्याची चाल अलीकडे आली आहे. घोडा तोंडाने श्वास घेत नाही, केवळ नाकाने घेतो, हे पट्टा आवळणाऱ्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण फेस दिसला की छळ झालाच असा आरोप अनेक प्रामाणिक स्वारांवरही होतो. शांतपणे कडियाळे चघळणाऱ्या घोड्याच्या ओठांवर थोडा पांढरा फेस येतोच आणि ते चांगले लक्षण आहे. तारा सुटून छातीवर उडणारा, गुलाबी छटा असलेला फेस वेगळा. हा फरक ओळखता येणे हेच परीक्षकाचे काम आहे. परंतु आपल्या गुणपत्रिकेत तो फरक मांडायला रकानाच नाही. ‘तेज’, ‘पाणी’, ‘रुबाब’ असे रकाने आहेत आणि ते सगळे उंच मान, मोठे डोळे आणि न थांबणारे पाय यांनीच भरतात. ज्या मालकाने घोडा दोन वर्षे संयमाने घडवला आणि ज्याने तो दोन महिन्यांत खिळ्यांनी घडवला, त्या दोघांना आपण एकाच मापाने मोजतो, आणि या मापात दुसरा मालक बहुतेक वेळा पुढे जातो. पोटापाण्यासाठी घोडा नाचवणारा माणूस मग कोणता मार्ग धरील?

हा लगाम कायद्याने केव्हाच निषिद्ध आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 याखाली ओढकाम व ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी 1965 साली केलेल्या नियमांत, जनावर हाकताना, त्यावर स्वारी करताना किंवा त्याला काबूत ठेवताना काटेरी काठी, काटेरी कडियाळे, तसेच काटे वा गाठी असलेला साज वापरू नये असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे साठ वर्षे झाली. तरीही यात्रेच्या मैदानापासून शंभर पावलांवर, साजाच्या दुकानांत असे लगाम गोंड्यांनी सजवून टांगलेले मी दरवर्षी पाहतो. मूळ कायद्याच्या कलम 11 प्रमाणे जनावराला मारहाण किंवा छळ केल्याच्या पहिल्या गुन्ह्याला आजही 10 ते 50 रुपये दंड आहे. आजच्या बक्षिसांच्या रकमांपुढे या दंडाची भीती कोणाला वाटावी?

दुसरी तक्रार नृत्याच्या शिकवणीबद्दल आणि विशेषतः दोन पायांच्या स्पर्धेबद्दल आहे. घोडा उभा असताना त्याच्या वजनाचा मोठा भाग, साधारण 60 टक्के, पुढच्या पायांवर असतो. त्याला मागच्या पायांवर उभा केला की ते सारे वजन, आणि वर स्वाराचे, मागच्या गुडघ्यांवर, घोट्यांवर व कमरेवर येते. काही क्षण हे सोसण्याची ताकद निसर्गाने त्याला दिली आहे, घड्याळ लावून मिनिटे मोजण्याची नाही. त्यातून हे शिकवले जाते ते कोवळ्या वयात. घोड्याच्या हाडांची वाढ एकदम पूर्ण होत नाही. पायांची आधी होते आणि पाठीच्या कण्याची सर्वांत शेवटी, पाच वर्षे उलटून गेल्यावर. दात पाहून वय सांगणे आपल्यापैकी कोणालाही अवघड नाही. मधले दोन कायमचे दात अडीच वर्षांच्या सुमारास, त्यापुढचे साडेतीनला आणि कोपऱ्यातले साडेचारला येतात. तरीही चारच दात झालेली जनावरे मैदानात ‘तयार घोडा’ म्हणून पुकारली जातात आणि परीक्षकांच्या टेबलावर कोणी त्यांचे ओठ वर करून पाहत नाही. शिकवताना जनावर दोन खुंटांमध्ये आखडून बांधायचे, दोन्ही बाजूंनी दोघांनी उभे राहून वाजंत्रीच्या ठेक्यावर नळीच्या हाडावर काठी मारायची, आणि पाय उचलला की मार थांबवायचा, ही पद्धत किती ठिकाणी चालते ते आपल्याला सर्वांना ठाऊक आहे. पुढे मैदानात काठी नसते, फक्त वाजंत्री असते. घोडा तालावर नाचतो असे आपण म्हणतो. त्याला त्या तालात काठी ऐकू येत असते.

माझ्या आजोबांची घोडीही हलगीवर पाय टाकायची. त्यांनी तिला गुळाच्या खड्यावर आणि अपार वेळावर शिकवले होते. ती दोन पायांवर कधी उभी राहिली नाही, आणि त्यामुळे तिचा मान गावात कमी झाला नाही.

सौंदर्यस्पर्धेबद्दल थोडक्यातच लिहितो. पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असलेला, दिसावा म्हणून पाय रंगवणे ही फसवणूक आहे, तिचा बंदोबस्त व्यापारी आपसांत करतील. पण कानांची टोके जुळावीत म्हणून शिंगरांचे कान बांधून ठेवणे आणि तोंड गुळगुळीत दिसावे म्हणून ओठांभोवतीच्या व डोळ्यांजवळच्या लांब मिशा काढून टाकणे हा छळ आहे. घोड्याला स्वतःच्या तोंडापुढचे दिसत नाही. चारा, पाणी आणि अडथळा तो त्या मिशांनी चाचपतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने अशा मिशा काढलेल्या घोड्यांना जुलै 2021 पासून आपल्या स्पर्धांत मज्जाव केला आहे. आपल्याकडे मात्र मिशा काढलेला घोडा ‘नीटनेटका’ ठरून गुण घेतो.

वेदनाशामक इंजेक्शन देऊन लंगडा घोडा मैदानात आणण्याबद्दल मी पुराव्याशिवाय कोणावर बोट ठेवणार नाही. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर जिंकलेल्या घोड्याचे नमुने तपासले जातात. आपल्या यात्रांत जिंकलेल्या घोड्याच्या गळ्यात हार पडतो आणि तो गाडीत चढतो. तपासणीच नसेल तर आरोप खोटा आहे असेही आपण छातीठोकपणे सांगू शकत नाही.

हे केवळ आपल्याच मातीतले दुखणे नाही, आणि इतरांनी ते कसे हाताळले हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत टेनेसी वॉकिंग जातीच्या घोड्याने पुढचे पाय खूप उंच उचलून चालावे म्हणून त्याच्या खुरांच्या वरच्या भागाला दाहक रसायने चोळून त्यावर साखळ्या बांधण्याची रीत होती. दुखऱ्या पायाला जमीन सोसवत नाही, म्हणून घोडा तो चटकन वर घेई, आणि परीक्षक त्या चालीला पहिला क्रमांक देत. त्याविरुद्ध तिथे 1970 साली स्वतंत्र कायदा झाला. पण 1976 च्या दुरुस्तीनंतर तपासनीस नेमण्याचे काम बऱ्याच अंशी प्रदर्शने भरवणाऱ्यांच्याच संघटनांकडे गेले, आणि 2010 साली तिथल्या कृषी खात्याच्या महानिरीक्षकांना आपल्या अहवालात लिहावे लागले की ही व्यवस्था छळ रोखण्यास पुरेशी नाही. स्पर्धा भरवणाऱ्यानेच तपासनीस नेमला तर काय होते, हे शिकायला आपल्याला वेगळी चाळीस वर्षे घालवायला नकोत.

ऑलिंपिकही यातून सुटलेले नाही. टोकियोत 2021 साली आधुनिक पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत चिठ्ठीने वाट्याला आलेला, बिथरलेला घोडा उडी घेईना, तेव्हा जर्मन प्रशिक्षिकेने त्याला ठोसा मारला. तिला स्पर्धेतून बाहेर काढण्यात आले, आणि पॅरिसनंतर त्या क्रीडाप्रकारातून घोडेस्वारीच वगळण्यात आली. पॅरिसच्या तोंडावर, जुलै 2024 मध्ये, ब्रिटनच्या शार्लट दुजार्दिन या सुवर्णविजेत्या स्वाराला शिकवणीच्या वेळी घोड्याच्या पायांवर वारंवार चाबूक मारल्याची चित्रफीत पुढे आल्यावर माघार घ्यावी लागली आणि नंतर एक वर्षाची बंदी झाली. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या स्वारांपैकी एकीला हा न्याय लागू होतो, तर आपल्या मैदानावर तो लागू करणे अपमानाचे नाही.

आपल्याच राज्यातले उदाहरण याहून जवळचे आहे. बैलगाडा शर्यतीवर बंदी आली, वाद झाला, 2017 साली राज्याने कायद्यात दुरुस्ती करून नियम केले, डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना अटींसह मोकळीक दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आज बैलगाडा पळवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत रक्कम आणि पशुवैद्यकाचा दाखला लागतो, आणि अटी मोडल्या तर 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या अटी प्रत्येक धावपट्टीवर पाळल्या जातात असे मी म्हणणार नाही, पण निदान त्या कागदावर आहेत आणि कोणी तक्रार केली तर बोट ठेवायला जागा आहे. त्याच यात्रेत, त्याच दिवशी, शेजारच्या मैदानात नाचणाऱ्या घोड्यासाठी असे कोणतेही स्वतंत्र नियम नाहीत.

काही प्राणिमित्र या स्पर्धा बंदच कराव्यात असे म्हणतात. मी ते म्हणत नाही. सारंगखेडा, माळेगाव, अकलूज हे बाजार टिकले म्हणून मारवाडी आणि काठेवाडी घोडी सामान्य शेतकऱ्याच्या ठाणावर टिकली. स्पर्धा गेल्या तर घोडे लग्नाच्या वरातीपुरते उरतील, आणि तिथे त्यांचे हाल कमी होत नाहीत. परंतु परंपरा म्हणून जे जपायचे ते नेमके काय, हे आपण ठरवले पाहिजे. पंढरीच्या वाटेवर रिंगण लागते, तेव्हा बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून आलेला माउलींचा अश्व स्वाराशिवाय धावतो आणि त्याच्या टापांखालची माती लाखो लोक कपाळाला लावतात. त्या घोड्याकडे पाहताना आपल्याला त्याच्या तोंडातल्या रक्ताची गरज कधी वाटली नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. संयोजन समित्यांनी येत्या हंगामापासून प्रत्येक घोड्याचा लगाम नोंदणीच्या वेळी आणि पुन्हा मैदानातून बाहेर येताना उतरवून तपासावा. कडियाळे काटेरी असेल, किंवा तोंडात ताजी जखम असेल, तर तो घोडा त्याच क्षणी बाद करावा आणि बाद झाल्याचे ध्वनिक्षेपकावरून कारणासह सांगावे. एका घोड्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. तपासणीसाठी चार जाणती माणसे बसवली तर कार्यक्रम लांबणार नाही. दोन पायांवर वेळ मोजण्याची स्पर्धा कायमची रद्द करावी. दात पाहून पाच वर्षांखालचे जनावर नृत्य व चालीच्या स्पर्धेत घेऊ नये. गुणपत्रिका नव्याने करावी आणि तिच्यात सैल लगाम, शांत तोंड, मोकळी पाठ, तसेच स्वार उतरल्यावर घोड्याचे वागणे यांना निम्मे तरी गुण असावेत. सर्व मागण्यांतून एकच मान्य होणार असेल तर मी ही गुणपत्रिकेची मागणी निवडीन, कारण ज्या दिवशी खिळ्यांनी बक्षीस मिळणार नाही, त्या दिवशी दुकानदारही ते लगाम टांगणार नाही.

पशुसंवर्धन विभागाकडे माझी विनंती आहे की बैलगाडा शर्यतींसाठी जसे नियम केले, तसे अश्वस्पर्धांसाठी स्वतंत्र नियम करावेत आणि परवानगी त्या नियमांच्या अटीवरच देण्याची व्यवस्था करावी. मैदानावरचा पशुवैद्यक विभागाने नेमावा, संयोजकांनी नव्हे, आणि घोडा बाद करण्याचा त्याचा निर्णय अंतिम असावा. पहिल्या तीन क्रमांकांच्या घोड्यांचे रक्ताचे नमुने घ्यावेत. प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी असे 2001 चे नियम सांगतात; तिचे प्रतिनिधी यात्रेच्या दिवशी साजाच्या बाजारातही फिरावेत आणि काटेरी लगाम जागच्या जागी जप्त व्हावेत. हे लगाम बनवणाऱ्या कारागिरांना गुळगुळीत कडियाळ्यांचे नमुने आणि थोडे साहाय्य दिले तर तेही हे काम आनंदाने सोडतील, असे त्यांच्यापैकी काहींशी बोलून मला वाटते.

यंदाचे परीक्षकपदाचे निमंत्रण मी नाकारले आहे आणि त्या कुमैत घोडीला दिलेले 9 गुण मी या पत्राने जाहीरपणे मागे घेत आहे, जरी त्याने निकाल बदलणार नाही. मात्र ज्या समितीला लगाम तपासण्यासाठी माणूस हवा असेल, तिच्या नोंदणीच्या टेबलावर मी पहाटे पाचपासून शेवटचा घोडा गाडीत चढेपर्यंत विनामानधन बसायला तयार आहे. बॅटरी आणि हातमोजे मी घरून आणीन.

आपला विश्वासू,
तापीकाठचा एक अश्वपालक व माजी परीक्षक